जुन्या मोटारीचा निळा धूर



जुनी मोटार धूर टाकू लागली आणि त्यातच मिसिंग करू लागली की गॅरेजमध्ये बहुधा एकच निदान कानी पडते : "साहेब, इंजिन उतरवावे लागेल." कधी कधी ते खरेही असते. परंतु इंजिन उतरवणे, सिलिंडर बोअर करणे, नवे पिस्टन घालणे हे मोठ्या खर्चाचे काम आहे. आणि एवढे करूनही धूर तसाच राहिला तर मालकाने करावे काय? म्हणून पाना हाती घेण्यापूर्वी काय काय पाहावे, एवढाच आजचा विषय.

उदाहरणासाठी फियाट ११०० घेऊ. हीच गाडी पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातून प्रीमिअर पद्मिनी या नावाने निघाली. तिची शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. हौशी मालकांनी जतन केलेल्या गाड्या मात्र अजून धावतात. १०८९ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे, कार्ब्युरेटर आणि पॉइंटवर चालणारे हे इंजिन शिकणाऱ्याला फार सोयीचे. त्यात लपवाछपवी नाही.

प्रथम धुराचा रंग पाहावा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त होते आहे; कार्ब्युरेटर, चोक आणि हवेचा फिल्टर पाहावा. थंडीच्या सकाळी निघणारी पांढरी वाफ निरुपद्रवी असते. पण इंजिन तापल्यावरही ती थांबली नाही आणि रेडिएटरमधले पाणी कमी होऊ लागले, तर गॅस्केटचा संशय घ्यावा. निळसर, डोळ्यांना झोंबणारा धूर तो ऑइलचा. (जुन्या स्कूटरींच्या पेट्रोलातच ऑइल मिसळलेले असे, त्यामुळे त्यांचा निळा धूर हा रोग नव्हे.)

रंगापेक्षाही महत्त्वाचा प्रश्न असा की, धूर केव्हा येतो? येथे आपला खंडाळ्याचा घाट उत्तम परीक्षक आहे. पुण्याकडून खोपोलीकडे उतरताना आपण गाडी गिअरमध्ये ठेवतो आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढतो. कार्ब्युरेटरची झडप मिटते, पण पिस्टन हवा ओढतच असतात. त्यामुळे आत मोठी पोकळी निर्माण होते. व्हॉल्व्हचा दांडा ज्या गाइडमध्ये सरकतो तो झिजून सैल झाला असेल, तर ही पोकळी वरचे ऑइल त्या फटीतून आत खेचते. पायथ्याशी येऊन पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला की साठलेले ऑइल जळते आणि मागच्या गाडीवाल्याला निळ्या ढगाचे दर्शन घडते. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी पहिला भपकारा सोडून मग स्वच्छ होते, तेही लक्षण बहुधा गाइडचेच. याउलट घाट चढताना, इंजिनवर भार असताना, धूर अखंड निघत राहिला तर पिस्टनच्या रिंगांकडे बोट जाते. गाइडसाठी फक्त हेड उतरवले तरी भागते, रिंगांसाठी खालपर्यंत जावे लागते. खर्चातला फरक सांगावयास नकोच.

तरीही घाई करू नये. डिपस्टिकवर ऑइल खुणेच्या वर गेले आहे काय, इंजिनमधला वायू बाहेर सोडणारी ब्रीदरची नळी काजळीने बुजली आहे काय, हे आधी पाहावे. नळी बुजली की आतला दाब ऑइलला नको तिकडे ढकलतो आणि चांगल्या रिंगांवर विनाकारण आळ येतो.

आता मिसिंग. ते नेमके एकाच सिलिंडरचे की कोठेही होणारे, हा पहिला फाटा. इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढावी, ती इंजिनच्या लोखंडाला टेकवून ठेवावी आणि इंजिन चालू करून ऐकावे. असे पाळीपाळीने चारही सिलिंडरांचे करावे. जी वायर काढल्याने आवाजात काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच स्वस्थ बसलेला आहे! त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरात लावावा. दोष प्लगबरोबर गेला तर काम तेथेच संपले. न गेला तर वायर बदलून पाहावी. मिसिंग एका जागी न राहता भटकत असेल तर पॉइंट, कंडेन्सर, कॉइल आणि पेट्रोलचा पुरवठा तपासावा. पावसाळ्यात डिस्ट्रिब्यूटरची टोपी आतून दमट होते. कोरड्या फडक्याने पुसल्यावर गाडी निमूट चालू लागल्याचे कोकणातल्या मंडळींना सांगावयास नको.

काढलेला प्लग मात्र टाकू नका, वाचा. बिस्किटासारखा तपकिरी असेल तर सर्व ठीक. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त. काळा, ओला, तेलकट असेल तर त्या सिलिंडरात ऑइल येते आहे आणि तेच ठिणगी मारते आहे. धूर आणि मिसिंग यांचे नाते ते हेच. हे नाते उलटही चालते : ठिणगी न पडलेल्या सिलिंडरातले न जळलेले पेट्रोल भिंतीवरचे ऑइल धुऊन काढते, खाली उतरून ऑइल पातळ करते आणि रिंगा झिजवते. म्हणून चार दिवसांचे मिसिंग "चालते तशी चालवू" म्हणून सोसणे महागात पडते.

शेवटची साक्ष कॉम्प्रेशन गेजची. इंजिन गरम करून चारही प्लग काढावे, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवावा. समजा, तीन सिलिंडरांत १२० पौंडांच्या आसपास दाब आला आणि एकात ८०. त्या एकात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. दाब चांगला वाढला तर रिंगा सैल आहेत, कारण ऑइलने ती फट तात्पुरती बुजवली. न वाढला तर व्हॉल्व्ह जळलेला असावा. टॅपेट फार घट्ट ठेवल्याने तो नीट मिटत नाही आणि जळतो. थोडी टकटक करणारा टॅपेट मुक्या टॅपेटपेक्षा बरा, असे माझे मत आहे. लगतच्या दोन सिलिंडरांत एकदम दाब कमी असेल तर मधले गॅस्केट फुटले असण्याचा संभव मोठा.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांसाठी एक सूचना. दाट ऑइल घालून धूर काही दिवस दडवता येतो. म्हणून गाडी पाहावयास जाल तेव्हा इंजिन आधी सुरू करून ठेवू नका असे मालकाला कळवा, बॉनेटला हात लावून ते थंड असल्याची खात्री करा, आणि सुरू करताना स्वतः मागे, सायलेन्सरपाशी उभे राहा.