टप्पा, टुन्न आणि टल्ली

दिल्लीतल्या पहाडगंजच्या गल्लीतली पोरं भांडतात हिंदीत. पण 'एक टप्पा आऊट' हा त्यांचा नियम दादरच्या पोरांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मराठीने मात्र टप्पा चेंडूपुरता ठेवला नाही. सावज टप्प्यात येतं, कर्ज टप्प्याटप्प्याने फिटतं आणि रविवारी गप्पाटप्पा रंगतात.

आपटणाऱ्या, उसळणाऱ्या वस्तूंच्या शब्दांना अलिखित व्याकरण आहे. शेवटी 'प' आला की ओठ मिटतात, नादही तिथेच मरतो: आंबा टपकन पडतो, पोतं धपकन. 'ण' आला की नाद घुमत राहतो: टण्ण, ठण्ण, खण्ण. 'टुणकन' म्हणजे एकच उडी, 'टणाटण' म्हणजे उड्यांवर उड्या. म्हातारीचा भोपळा टुणूक टुणूकच जातो; तो धपधप गेला असता तर गोष्टीतली गंमतच गेली असती.

लाक्षणिक अर्थ जन्मतो तो याच नादातून. 1940पूर्वीच्या चांदीच्या रुपयात सुमारे 92 टक्के चांदी असे. व्यापारी तो दगडावर आपटून पाही. खरा रुपया खण्ण वाजून उसळे, खोटा बद्द वाजे. खणखणीत आवाज, खणखणीत उत्तर ही त्या नाण्याचीच पुण्याई. 'ठणठण'चा प्रवास त्याहून मजेशीर. तब्येत ठणठणीत असली तर आनंद, खिशात ठणठणगोपाळ असला तर पंचाईत!

हा ठणठणगोपाळ दिल्लीतही 'ठन ठन गोपाल' म्हणून भेटतो. आपल्याकडे पिऊन 'टुन्न' झालेला माणूस तिथे 'टल्ली' होतो, आणि पंजाबीत टल्ली म्हणजे घंटा. दिल्लीने तर आवाजावरून अख्खी वाहतूक सेवा ओळखली. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या जुन्या हार्ले डेव्हिडसन मोटारसायकलींना मागे बैठक जोडून लाल किल्ला ते कनॉट प्लेस प्रवासी नेले जात. प्रदूषणामुळे 1998मध्ये त्या बंद झाल्या. नंतरच्या गाड्या तसा आवाज करत नव्हत्या, तरी नाव 'फटफट सेवा'च राहिलं.

असे शब्द आर्य आणि द्राविड दोन्ही कुळांतल्या भाषांत मुबलक आहेत. मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने 1969मध्ये त्यांचा अभ्यास मांडून ते भारतीय भाषांचं सामाईक लक्षण ठरवलं. आपल्या शाळेत मात्र 'अनुकरणवाचक शब्द' या मथळ्याखाली त्यांची यादी पाठ करून घेतात. पालकहो, यादी ठेवा बाजूला. मुलाच्या हाती एक चेंडू, एक वाटी आणि एक नाणं द्या, ती आपटू द्या आणि ऐकू आलं ते मराठीत सांगायला लावा.