वडगावचा तह आणि संगमावरची वकिलात

वडगावच्या लढाईचा विषय निघाला की मावळातला माणूस लगेच इष्टुर फाकड्यावर येतो. हा इष्टुर म्हणजे इंग्रजांचा कॅप्टन जेम्स स्टुअर्ट. तो 4 जानेवारी 1779 रोजी कार्ल्याजवळ तोफेच्या गोळ्याने पडला. त्याची समाधी म्हणून वडगावच्या पोलीस ठाण्याच्या आवारातली जागा अजून दाखवतात. शत्रूकडचा एक शूर गडी आपल्या बोलण्यात 'फाकडा' होऊन राहिला, यात मराठी मनाचा मोठेपणा आहे. पण त्यानंतर दहाबारा दिवसांतच इंग्रजांच्या छावणीतून मराठ्यांकडे बोलणी करायला गेलेला फार्मर कोणालाच आठवत नाही. तो लढवय्या नव्हता, मोहिमेवरच्या कमिटीचा चिटणीस होता. वडगावला काय घडले आणि पुढे पुण्यात इंग्रजांची वकिलात कशी बसली, हे समजून घ्यायचे तर फाकड्यापेक्षा फार्मरच्या मागे जायला हवे.

त्याआधी मुंबईकर इंग्रजांचा वकील पुण्यात येऊन गेलेला होता. थॉमस मॉस्टिन 1772 मध्ये आला, तेव्हा थोरले माधवराव थेऊरला शेवटचे दिवस मोजत होते. नारायणरावांचा खून झाला तेव्हाही तो पुण्यातच होता. शहरातली दुफळी तो रोज पाहत होता आणि मुंबईला कळवत होता. त्याच काळात साष्टीवर मुंबईकरांचा डोळा होता. ठाण्यावर इंग्रजांनी हल्ला चढवला आणि मॉस्टिनची पहिली खेप संपली. पुरंदरच्या तहानंतर 1777 मध्ये तो परत आला, तर त्याच वर्षी फ्रान्सच्या राजाचा वकील म्हणवून घेणारा सेंट ल्युबिन दरबारात हजर. त्याच्या कागदांत दम किती, हे नाना फडणीसांनी पुरते जोखले असावे असे मला वाटते. तरी त्याची सरबराई चालूच ठेवली, कारण ती पाहून मॉस्टिनची झोप उडत होती. सेंट ल्युबिनने पुण्याला प्रत्यक्षात काहीच दिले नाही, पण त्याच्या नुसत्या वावराने मुंबईकर बिथरले आणि पेशवेपदावर हक्क सांगणाऱ्या राघोबादादांना घेऊन पुण्यावर निघाले.

सुमारे 3,900 माणसे आणि तब्बल 19,000 बैल. डिसेंबर 1778 मध्ये हा लवाजमा बोरघाट चढून खंडाळ्याला आला. माथ्यावरून कार्ल्यापर्यंतची सात-आठ मैलांची वाट उरकायला त्यांना अकरा दिवस लागले. निर्णय एकट्या सेनापतीच्या हातात नव्हते, वर एक कमिटी बसवली होती. तिच्यातला मॉस्टिन आजारी पडून मुंबईला परतला आणि 1 जानेवारीला वारला. पुण्याची नस ठाऊक असलेला एकमेव माणूस गेला. 9 जानेवारीला फौज तळेगावला पोचली तर गाव जाळून मोकळे केलेले, दाणावैरण नाही. 11 तारखेच्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलून माघार सुरू झाली आणि वडगावला महादजी शिंद्यांनी ती अडवली.

फार्मर गेला तो इथे. राघोबांना स्वाधीन करा, ही पहिली अट. साष्टी, ठाणे आणि 1773 पासून घेतलेला मुलूख परत करा, बंगालहून येणारी गॉडर्डची फौज माघारी पाठवा, या पुढच्या. तेव्हा इंग्रजांच्या बाजूने सांगण्यात आले की कलकत्त्याच्या मंजुरीशिवाय तह करण्याचा अधिकार आम्हाला नाही. यावर मराठ्यांनी उलट विचारले, मग कर्नल अप्टनने केलेला पुरंदरचा तह मोडण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? ग्रँट डफने हे नोंदवले आहे. मला तर हा सवाल त्या मोहिमेतल्या कुठल्याही चकमकीपेक्षा भारी वाटतो. वकिलीचा सगळा व्यवहार एवढ्यावरच उभा असतो: समोर बसलेल्या माणसाचा शब्द कोणाला बांधतो? 16 जानेवारीला कमिटीने सह्या केल्या, फार्मर आणि लेफ्टनंट चार्ल्स स्टुअर्ट (हा वेगळा स्टुअर्ट) ओलीस म्हणून महादजींकडे राहिले. मुंबईकरांनी तह फेटाळला, कलकत्त्यानेही. गॉडर्ड सुरतेला पोचला. राघोबा वाटेतून निसटून पुन्हा इंग्रजांच्या आश्रयाला गेले. ओलिसांना मात्र महादजींनी पुढच्या वर्षी सुखरूप सोडले. नाना आणि महादजी रणात जिंकले ते कागदावर टिकले नाही.

राघोबांनी याच धामधुमीत एक अजब गोष्ट केली. आपला वकील हणमंतराव याला त्यांनी थेट लंडनला धाडले. सोबत पारशी बापलेक होते. 1781 मध्ये तिथे पोचलेल्या या ब्राह्मणाच्या सोवळ्याओवळ्याची सोय एडमंड बर्कने आपल्या बागेतल्या काचघरात करून दिली. राजकारण काही साधले नाही, परतल्यावर प्रायश्चित्त तेवढे घ्यावे लागले. पुणे दरबाराचा लाला सेवकराम कलकत्त्यात होता, हैदराबादेत गोविंदराव काळे होते, पण लंडनमध्ये कायमचे कान ठेवावेत असे कोणाला सुचले नाही. मला ही चूक पानिपताइतकी मोठी वाटते. इतिहासकार हसतील तर हसोत.

17 मे 1782 चा सालबाईचा तह झाला तो महादजींच्या मध्यस्थीने, आणि इंग्रज वडगावचा धडा शिकून बसले होते. पुण्याला कायमचा रेसिडेंट ठेवायचा, पण तो मुंबईचा नव्हे, कलकत्त्याला जबाबदार. चार्ल्स मॅलेटने आधी उत्तरेत जाऊन महादजींची भेट घेतली, त्यांचा रुसवा काढला आणि मार्च 1786 मध्ये पुण्यात दाखल झाला. मुळा-मुठेच्या संगमावर त्याला जागा मिळाली. दरबाराच्या वतीने त्याच्याशी बोलायला बहिरोपंत मेहेंदळे होते. मॅलेटचे रोजचे काम म्हणजे कोण कोणाला भेटले, कुठली फौज कुठे हलली, कोणाचा पगार थकला, हे टिपून कलकत्त्याला लिहिणे. 1 जून 1790 रोजी टिपूविरुद्ध पुणे आणि इंग्रज एकत्र आले, ते या चार वर्षांच्या चिकाटीचे फळ. चित्रकार जेम्स वेल्सला त्याने पुण्यात आणले, गंगाराम तांबटाकडून वेरूळच्या लेण्यांची चित्रे काढवली. शनिवारवाड्यात तहाचा कागद देण्याचा प्रसंग वेल्सने आखला आणि त्याच्या मृत्यूनंतर थॉमस डॅनियलने रंगवला. पुढे मॅलेटने वेल्सच्या मुलीशीच लग्न केले.

मॅलेटला दरबारात थांबावे लागे. नंतरचा रेसिडेंट बॅरी क्लोज याच्या काळात दरबारच त्याच्यासाठी थांबू लागला. 31 डिसेंबर 1802 च्या वसईच्या तहाने दुसऱ्या सत्तांशी बोलण्याआधी इंग्रजांना विचारणे पेशव्यांवर बंधनकारक झाले. त्याची झळ मावळात लोहगडावर दिसली. नानांच्या मृत्यूनंतर त्यांची विधवा जिऊबाई गडाच्या आसऱ्याला होती. बाजीरावांच्या शब्दावर तिचा किंवा किल्लेदाराचा विश्वास नव्हता. अखेर इंग्रजांनी हमी घेतली, वर्षाला 12,000 रुपयांची नेमणूक ठरली आणि गड मोकळा झाला. पेशव्यांच्या कारभाऱ्याच्या बायकोला पेशव्यांपासून अभय हवे, तर ते परक्या सरकारकडून! याहून स्पष्ट पुरावा कशाला हवा?

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन 1811 मध्ये रेसिडेंट म्हणून आला आणि बातमी काढण्याची कला त्याने टोकाला नेली. बाळाजीपंत नातूंसारखी इथलीच माणसे त्याच्या पदरी होती. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या 1815 मधल्या खुनानंतर दरबारातले प्रत्येक पाऊल त्याला कळत होते. 13 जून 1817 च्या पुण्याच्या तहाने परक्या दरबारांत वकील ठेवण्याचा पेशव्यांचा हक्कच काढून घेतला. बोलायचे ते फक्त रेसिडेंटमार्फत. 5 नोव्हेंबरला खडकीची लढाई पेटली. संगमावरचा बंगला जळाला, त्यात एल्फिन्स्टनची ग्रंथसंपदा गेली. मुंबईच्या वाटेवर तळेगावला सापडलेल्या व्हॉन आडनावाच्या दोघा भावांना फासावर दिले गेले. 17 नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजी निशाण लागले, मार्चमध्ये लोहगड पडला. आता जिथे दुसरा दरबारच उरला नाही तिथे वकिलात कशाची?

राहिले ते कागद. ते छापून निघण्यात मावळचा वाटा आहे, आणि तो कमी लोकांना ठाऊक असतो. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त होऊन वडगावच्या पलीकडे कामशेतला येऊन राहिले. जदुनाथ सरकार त्यांच्याकडे मुक्कामाला येत. दोघांनी मिळून पुणे रेसिडेन्सीचा इंग्रजी पत्रव्यवहार 1936 पासून खंडाखंडांनी बाहेर काढला. मॅलेटच्या वकिलीचा खंड सरदेसायांनी स्वतः संपादला. त्याआधीच पेशवे दप्तरातल्या निवडक मोडी कागदांचे 45 भाग त्यांनी हातावेगळे केले होते. मॅलेट आपल्या पत्रांत नानांना लपवाछपवी करणारे ठरवतो, आणि वाचणारा त्याच्या बाजूने झुकू लागतो. म्हणून तो खंड वाचताना पेशवे दप्तराचे भागही जवळ असू द्यावेत.