प्रवाहाबाहेरच्या संगीताचा निवेदक : जॉन पील

लोकांना आवडते म्हणून गाणे वाजवायचे, की लोकांच्या कानांवर ते एकदा तरी पडायला हवे म्हणून? रेडिओच्या जन्मापासून हा प्रश्न प्रत्येक निवेदकापुढे उभा आहे. बहुतेकांनी पहिला मार्ग पत्करला. ब्रिटनमधील जॉन पील यांनी मात्र 'बीबीसी रेडिओ वन'वर तब्बल ३७ वर्षे दुसऱ्या मार्गाची पाठराखण केली. त्यामुळेच त्यांची कारकीर्द ही केवळ एका लोकप्रिय आवाजाची कहाणी राहत नाही. ब्रिटिश तरुणांची संगीताची आवड कशी घडत गेली, याचाच तो इतिहास आहे.

पील यांचे मूळ नाव जॉन रॉबर्ट पार्कर रेव्हन्सक्रॉफ्ट. जन्म ३० ऑगस्ट १९३९ चा, लिव्हरपूलनजीकच्या हेसवॉल गावचा. वडील कापसाचे व्यापारी. सक्तीची लष्करी सेवा आटोपून १९६० मध्ये ते अमेरिकेत टेक्सासला गेले आणि कापसाच्याच व्यवसायात काम करू लागले. पुढे बीटल्सची लाट अमेरिकेवर आदळली आणि डॅलसमधील रेडिओला लिव्हरपूलकडच्या माणसाची गरज भासली. या योगायोगातून मायक्रोफोनशी त्यांची गाठ पक्की झाली. ओक्लाहोमा व कॅलिफोर्नियातील केंद्रांवर उमेदवारी करून ते १९६७ च्या प्रारंभी मायदेशी परतले.

त्या काळी ब्रिटनमध्ये नभोवाणीवर बीबीसीची मक्तेदारी होती आणि तरुणांच्या संगीताला तेथे फारसा वाव नव्हता. ही उणीव किनाऱ्यापासून दूर, समुद्रात नांगरलेल्या जहाजांवरील 'पायरेट' केंद्रे भरून काढत. अशाच 'रेडिओ लंडन'वर मध्यरात्रीनंतर पील 'द परफ्युम्ड गार्डन' हा कार्यक्रम सादर करू लागले. विक्रीच्या यादीत नसलेली गाणी, कविता, श्रोत्यांची पत्रे असा त्याचा ऐवज होता. ऑगस्ट १९६७ मध्ये नव्या कायद्याने अशा केंद्रांवर गदा आली. सप्टेंबरअखेर बीबीसीने 'रेडिओ वन' सुरू केले आणि पील तेथे दाखल झाले.

पील यांचे सर्वांत मोठे देणे म्हणजे 'पील सेशन्स'. त्याचे मूळ गंमतीशीर आहे. ध्वनिमुद्रिका कंपन्या आणि वादकांची संघटना यांच्याशी झालेल्या करारांमुळे बीबीसीला तबकड्या वाजविण्यासाठी मोजकेच तास मिळत. उरलेला वेळ भरण्यासाठी कलावंतांना स्टुडिओत पाचारण करणे भाग होते. या अडचणीचे पील आणि त्यांच्या निर्मात्यांनी संधीत रूपांतर केले. एखादा नवखा बँड लंडनच्या मेडा व्हेल स्टुडिओत येई, साधारणतः एका दिवसात चार गाणी ध्वनिमुद्रित करी आणि त्याचे मानधनही घेऊन जाई. ज्यांच्याशी कोणत्याही कंपनीने करार केला नव्हता, अशांनाही या मार्गाने देशभर श्रोता मिळाला. अशी चार हजारांहून अधिक सेशन्स दोन हजारांवर कलावंतांनी केली. डेव्हिड बोवी, जॉय डिव्हिजन, द स्मिथ्स ही त्यांतील काही नावे. मँचेस्टरच्या 'द फॉल' या बँडने तर २४ सेशन्स केली.

मात्र पील यांची खरी कसोटी १९७६ मध्ये लागली. तोवर दीर्घ, गुंतागुंतीच्या रॉक रचना ऐकणारा मोठा वर्ग त्यांनी जोडला होता. १९७३ मध्ये माइक ओल्डफील्डची 'ट्युब्युलर बेल्स' ही रचना त्यांनी अखंड प्रसारित केली होती. अशा श्रोत्यांपुढे त्यांनी रमोन्स आणि पाठोपाठ इतर पंक बँडची दोन-अडीच मिनिटांची आक्रमक गाणी ठेवली. जुने श्रोते संतापले. निषेधाची पत्रे आली. पील मागे हटले नाहीत. श्रोत्यांच्या मतांवर ठरणाऱ्या त्यांच्या 'फेस्टिव्ह फिफ्टी' या वार्षिक यादीत १९७६ साली लेड झेपेलिन अग्रस्थानी होते. १९७८ मध्ये ती जागा सेक्स पिस्टल्सने घेतली. हातचा श्रोता गमावण्याची तयारी असल्याखेरीज नवा श्रोता घडत नाही, हे यातून दिसून आले.

त्याच १९७८ साली उत्तर आयर्लंडमधील हिंसाचाराने ग्रासलेल्या डेरी शहरातील 'द अंडरटोन्स' या पोरसवदा बँडचे 'टीनेज किक्स' हे गाणे त्यांनी लागोपाठ दोनदा वाजविले. लवकरच 'सायर' या अमेरिकन कंपनीने त्या मुलांशी करार केला.

पील यांचे निवेदनही प्रचलित धाटणीचे नव्हते. सूर संथ, किंचित खिन्न. तबकडी चुकीच्या वेगाने लागली तर ते सरळ कबूल करीत. सफोकमधील आपल्या घरी ते टपालाने आलेल्या तबकड्या आणि कॅसेट तासन्‌तास ऐकत. झिम्बाब्वेच्या भुंडू बॉईजपासून जमैकाच्या रेगेपर्यंत साऱ्यांना त्यांच्या कार्यक्रमात समान स्थान होते. १९९८ पासून 'रेडिओ फोर'वरील 'होम ट्रुथ्स'मधून त्यांनी सामान्य कुटुंबांच्या कहाण्याही मांडल्या. त्याच वर्षी त्यांना 'ओबीई' हा सन्मान मिळाला.

२५ ऑक्टोबर २००४ रोजी पेरूमधील कुस्को येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. 'रेडिओ वन'च्या प्रारंभीच्या निवेदकांपैकी तोवर तेथे टिकून राहिलेले ते एकमेव होते. त्यांच्या आयुष्याची दुसरी बाजूही नजरेआड करता येत नाही. १९६५ मध्ये टेक्सासमध्ये त्यांनी केलेल्या पहिल्या विवाहाच्या वेळी वधूचे वय अवघे १५ होते. मृत्यूनंतरच्या काळात त्यांच्या वर्तनाविषयी कठोर प्रश्न विचारले गेले. ग्लॅस्टनबरी महोत्सवातील त्यांच्या नावाच्या रंगमंचाचे २०२३ मध्ये नामांतर झाले.

माणसाचे मूल्यमापन असे चालूच राहील. कार्यपद्धतीचा प्रश्न मात्र वेगळा आहे. काल जे ऐकले त्याच्यासारखेच आज पुढे करणे यंत्रालाही जमते. ज्याची मागणीच कोणी केलेली नाही, ते धैर्याने ऐकविण्यासाठी मात्र जाणता कान लागतो आणि त्या कानावर विश्वास टाकणारी संस्थाही लागते. पील यांना हे दोन्ही लाभले, म्हणूनच हजारो अनोळखी बँडचा आवाज श्रोत्यांपर्यंत पोहोचला.