पेशी मेली, पण कशी?

कर्करोगाच्या पेशी औषधाने मेल्या, एवढे कळून भागत नाही. त्या कशा मेल्या, हेही पाहावे लागते. फुटून मेलेली पेशी शरीरात दाह उत्पन्न करते. अंगभूत योजनेने मरणारी आक्रसते व आवरणासह तिचे तुकडे होतात. या मरणाला १९७२ साली पानगळीच्या ग्रीक शब्दावरून ‘ॲपॉप्टोसिस’ हे नाव मिळाले.

अशा पेशीच्या आवरणातील आतल्या बाजूचा एक स्निग्ध पदार्थ आरंभीच बाहेर येतो. चकाकणारा रंग जोडलेले ॲनेक्सिन हे प्रथिन त्याला चिकटते. प्रोपिडियम आयोडाइड हा तांबडा रंग मात्र फाटक्या आवरणातूनच आत शिरतो. केवळ पहिला रंग दिसला, तर योजनाबद्ध मरण नुकतेच सुरू झाले असे मानतात. दोन्ही दिसले, तर निवाडा अवघड. म्हणून तपासणी वेळेवर हवी. उशीर झाल्यास मृत्यू दिसतो, त्याची रीत दिसत नाही.