दार लावण्याआधी

सकाळी ७.३०

रुग्ण आठनंतर येतात. त्याआधीचा वेळ मशीनचा. दाबाखाली ऑक्सिजन देण्याच्या आमच्या युनिटमध्ये दोन चेंबर आहेत, पारदर्शक ॲक्रिलिकचे, एक माणूस आडवा झोपेल एवढे. बॅटरीच्या उजेडात मी त्यांच्यावरून नजर फिरवते. कुठे चरा पडलाय का, बारीक भेग दिसतेय का, दाराच्या रबरी गॅस्केटवर कचरा बसलाय का. पुसायला सौम्य साबणाचं पाणी आणि सुती फडकं, बस्स. स्पिरिट किंवा सॅनिटायझर लागलं की ॲक्रिलिक तडकायला लागतं, आणि याच भिंतीला दिवसभर दाब पेलायचा असतो. नवीन आलेल्या सफाईच्या मावशींना मी हे पहिल्याच दिवशी सांगते, कारण बाकी सगळ्या वॉर्डांत त्यांना नेमकं उलटं शिकवलेलं असतं.

मग मीटर लावून अर्थिंग, ऑक्सिजनच्या लाइनचं प्रेशर, इंटरकॉम, आणि आणीबाणीत दाब सोडायचा व्हॉल्व्ह. रजिस्टरात वेळ टाकून सही.

८.१५

साताऱ्याकडचे काका येतात. मधुमेहामुळे पायाला जखम, महिनोन्‌महिने न भरलेली. बोटाला सुई टोचून साखर पाहते, तर १०८. आमच्याकडे १२०च्या खाली असेल तर आत पाठवत नाहीत. चेंबरमध्ये मधुमेह्यांची साखर बऱ्याचदा उतरते, आणि आत घाम फुटून हातपाय कापायला लागले तर मला लगेच दार उघडून साखरपाणी देता येत नाही. आधी दाब उतरवायला लागतो. काकांनी सुनेला डबा उघडायला लावला. पोळी-भाजी खाऊन वीस मिनिटांनी पुन्हा तपासलं, मग पुढे.

यानंतरचं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. झडती. माणूस कितीही ओळखीचा असो, रोज, न चुकता.

“काका, खिसे?”

“काही नाही सिस्टर, रिकामे आहेत.”

रिकामे नसतात. तंबाखूची पुडी, चुन्याची डबी, आणि मागच्या खिशात लायटर. त्यांच्या अंगावरचे सगळे कपडे उतरवून आमचा सुती गाऊन घालायला देते. डोक्याला तेल आहे का, हे हात लावून बघते. असेल तर डोकं धुऊन या. बायकांची नायलॉनची साडी, नेलपॉलिश, अत्तर, छातीला चोळलेला बाम, कानाचं मशीन, मोबाइल, घड्याळ, सगळं बाहेर. कोविडपासून पुष्कळ जण कापूर-ओव्याची पुरचुंडी गळ्यात नाहीतर ब्लाउजमध्ये ठेवतात. ती तर हमखास राहून जाते. शेवटी मनगटाला अर्थिंगचा पट्टा, म्हणजे अंगावर साठलेली स्थिर वीज जमिनीत जाईल.

लोक वैतागतात, आणि मला त्यांचा वैताग समजतो. पण त्या नळकांड्यात जवळजवळ निव्वळ ऑक्सिजन असतो, तोही दाबाखाली. बाहेर विझून गेली असती अशी ठिणगी तिथे काही सेकंदांत माणसाला गिळते. १९९६ मध्ये जपानमधल्या यामानाशीत आणि १९९७ मध्ये इटलीतल्या मिलानमध्ये चेंबरला आग लागली, आणि दोन्हीकडे बोट गेलं ते थंडीत अंग शेकायला सोबत नेलेल्या वस्तूकडे. मिलानमध्ये ११ माणसं गेली. ज्यानं ती वस्तू जवळ ठेवली असेल त्याला ऊब हवी होती, एवढंच. म्हणून रुग्णाच्या शब्दावर मी थांबत नाही, खिशात स्वतः हात घालते.

९.००

दार लागतं. डॉक्टरांनी लिहून दिलेला दाब २.४ ॲटमॉस्फिअर, म्हणजे समुद्रात सुमारे १४ मीटर खाली असावा तेवढा. आपण एरवी जी हवा घेतो तिच्या ११ पटींहून जास्त ऑक्सिजन इथे एका श्वासात मिळतो. जखमेच्या रक्त न पोचणाऱ्या कडांना त्याचाच उपयोग.

पण पहिली दहा-पंधरा मिनिटं कानांची. खंडाळ्याचा घाट उतरताना कानाला दडे बसतात तेच इथे होतं, फक्त कितीतरी जोरात. या उपचारात सर्वाधिक दिसणारा त्रास हाच. पडद्यामागची हवा आकसते, पडदा आत ओढला जातो. कान वेळेवर मोकळा झाला नाही तर आत रक्त साकळतं, क्वचित पडदा फाटतो. सुरुवातीलाच सगळ्यात जास्त जपायचं, कारण दाब दुप्पट झाला की हवेची जागा निम्मी होते. पुढे तेवढाच दाब वाढवला तरी फरक कमी पडत जातो.

शेजारच्या चेंबरमध्ये आज नवा मुलगा आहे, एका कानाचं ऐकणं अचानक गेलेला. मी इंटरकॉमवरून सांगत राहते: “आवंढा गिळ. नाक दाब, तोंड मीट, हळूच फुंक. जोर नको.” तो अंगठा वर करतो. पण कपाळावर आठी आहे आणि जबडा आवळलेला. मी दाब थांबवते.

“दुखतंय ना?”

“थोडंसं. चालेल.”

चालत नाही. आपल्याकडे दुखणं सोसणं हा मोठा गुण मानतात, आणि या खोलीत मला त्याचीच सर्वांत जास्त भीती वाटते. दाब थोडा खाली आणला, दोन घोट पाणी गिळायला लावलं, कान ‘फट्’ झाला, चेहरा सैल पडला. मग सावकाश पुन्हा वर. ज्यांचा कान उघडतच नाही त्यांना कान-नाक-घसा तज्ज्ञ पडद्यात बारीकशी नळी बसवून देतात. सर्दी असेल तर सेशन पुढे ढकलायचं, यावर वाद नाही.

९.४५

अर्ध्या तासानंतर पाच मिनिटांची सुट्टी: रुग्णानं मास्क लावून साधी हवा घ्यायची. दीड तासात दोनदा. ऑक्सिजन औषध आहे आणि त्याची मात्रा चढते. दाबाखालच्या ऑक्सिजननं झटके येतात हे पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८७८ साली लिहून ठेवलंय. ते विरळ, हजारो सेशनांत एखादा. तरी माझी खुर्ची चेंबरकडे तोंड करूनच असते.

एका हिवाळ्यात गॅस गिझर लावलेल्या बाथरूममध्ये बेशुद्ध पडलेली एक मुलगी आणली होती. कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा. तो वायू रक्तातून निम्मा व्हायला साध्या हवेत चार-पाच तास लागतात. ३ ॲटमॉस्फिअरला ऑक्सिजन दिला तर साधारण २३ मिनिटं. म्हणून चेंबर. पण अशा रुग्णांना झटक्याचा धोकाही जास्त. आत असताना तिची नजर एका जागी थांबली, ओठाचा कोपरा फडफडला आणि शरीर ताठ झालं. बाहेर आई ओरडत होती, “काढा तिला, काढा!” तेव्हा काढायचं नसतं. झटक्यात श्वास अडकलेला असतो. त्या क्षणी दाब उतरवला तर छातीत कोंडलेली हवा फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. हात व्हॉल्व्हवर ठेवून डॉक्टर आणि मी तिच्या छातीकडे बघत उभे राहिलो. शरीर सैल पडलं, श्वास चालू झाला, मग दाब उतरवला. झटका पुन्हा आला नाही. ऑक्सिजन कमी झाला की असे झटके थांबतात, आणि बहुधा मागे काही ठेवत नाहीत. आईला हे आधी सांगून ठेवायचं असतं. आता आम्ही प्रत्येक नातेवाइकाला सांगतो.

११.१५

दुसरी पाळी. एका आजोबांना ताप, परत पाठवले. तापात झटक्याची शक्यता वाढते.

नंतर एक मावशी. तोंडाच्या कर्करोगावर रेडिएशन झालं, काही वर्षांनी जबड्याचं हाड कुजायला लागलं. आयुष्यभर मिश्री. त्यांची आता बरीच सेशनं झालीत आणि आज त्या खुशीत आहेत.

“सिस्टर, चष्म्याशिवाय पोथी वाचली मी!”

“आणि बसची पाटी?”

“ती नाही दिसली. सुनेला विचारावं लागलं.”

वीसेक सेशनांनंतर डोळ्याचा नंबर असा सरकतो: जवळचं स्पष्ट, लांबचं धूसर. सेशनं संपल्यावर काही आठवड्या-महिन्यांत तो बहुतेकांचा पूर्ववत होतो. तोवर नवा चष्मा करू नका, असं मी त्यांना कागदावर लिहून देते. मोतीबिंदू आधीच असेल तर मात्र तो वाढू शकतो, म्हणून त्यांची डोळ्यांची तपासणी सुरुवातीलाच झालीय.

१.३०

जेवण, आणि नव्या रुग्णांच्या फायली. डॉक्टर छातीचा एक्स-रे स्वतः बघतात. छातीच्या पोकळीत हवा साठलेली असेल आणि ती काढलेली नसेल तर चेंबर बंद, त्याला अपवाद नाही. आज एका बाईंचं हृदय फार कमी पंप करतंय. आत गेल्यावर फुप्फुसात पाणी भरायची भीती. हृदयरोगतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय तारीख द्यायची नाही, असं ठरलं. नातेवाईक नाराज झाले.

५.००

दुपारची पाळी सुरळीत झाली. फोन वाजतो. एक वडील, मुलगा ऑटिस्टिक. कुठल्याशा सेंटरनं ४० सेशनांचं पॅकेज सांगितलंय, आमच्याकडे स्वस्तात होईल का?

मी सांगते की ऑटिझमसाठी याचा फायदा सिद्ध झालेला नाही; अमेरिकेच्या एफडीएनंही लोकांना तसं बजावलंय. कान, डोळे, झटका, आग, धोका मात्र पूर्ण तेवढाच. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत मिशिगनमधल्या ट्रॉय शहरात असल्याच एका सेंटरमध्ये चेंबर पेटला आणि आत पाच वर्षांचा मुलगा होता. मनगटाला अर्थिंगचा पट्टा नव्हता, असं सरकारी वकिलांनी सांगितलं.

ते बराच वेळ बोलत नाहीत. मग विचारतात, “मग मी त्यांना काय विचारू?”

डॉक्टर जागेवर असतात का. मुलाचे कपडे बदलून सुती देतात का. पट्टा बांधतात का. दार लागल्यापासून उघडेपर्यंत बाहेर कोण बसतं, आणि झटका आला तर ती व्यक्ती काय करते. मी एकेक सांगते आणि ते लिहून घेतात. मुलाच्या बालरोगतज्ज्ञांचं नाव विचारून मी आमच्या डॉक्टरांचा नंबर देते, म्हणजे दोघं उद्या आपसात बोलतील.