घरातच गडप झालेला टॅग: गैरसमज आणि वस्तुस्थिती

किल्ल्यांच्या जुडग्याला, पोरांच्या दप्तराला किंवा प्रवासाच्या बॅगेला अडकवलेला ब्लूटूथ टॅग आता नांदेड-लातूरच्या घरांतही दिसू लागला आहे. सॅमसंगचा स्मार्टटॅग जानेवारी 2021 मध्ये आला, ॲपलचा एअरटॅग त्याच वर्षी एप्रिलमध्ये. पुढे जिओनेही आपले टॅग बाजारात आणले. वस्तू सापडावी म्हणून घेतलेला हा टॅगच कधी कडीतून निसटतो आणि घरातल्या घरात दिसेनासा होतो. एअरटॅगचा व्यास 31.9 मिलिमीटर, जाडी 8 मिलिमीटर आणि वजन 11 ग्रॅम. एवढीशी चकती वाकळीच्या घडीत, दिवाणाच्या फटीत किंवा तुरीच्या पोत्यात सहज शिरते. मग शोधाशोध सुरू होते, आणि ती बऱ्याचदा चुकीच्या समजुतींमुळे लांबते.

गैरसमज: टॅगमध्ये जीपीएस असतं, त्यामुळे नकाशावर नेमकी खोली दिसेल.

वस्तुस्थिती: या टॅगमध्ये जीपीएस नसतं आणि सिमकार्डही नसतं. तो फक्त 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास एक क्षीण रेडिओ संदेश सोडत राहतो. जवळून जाणारा त्याच जाळ्यातला एखादा फोन तो संदेश ऐकतो आणि स्वतःचं ठिकाण सांकेतिक रूपात पुढे कळवतो. म्हणजे नकाशावरचा ठिपका हा संदेश ऐकणाऱ्या फोनच्या ठिकाणावरून काढलेला असतो. नांदेडच्या वजिराबादेत बॅग राहिली, तर गर्दीतल्या फोनांमुळे ही युक्ती छान चालते. घरात मात्र तिचा उपयोग एवढाच, की टॅग घराच्या आसपास आहे हे कळतं. बंद खोलीत फोनच्या ठिकाणात काही मीटरची चूक सहज होते. म्हणून ठिपका शेजारच्या घरावर दिसला, तरी शेजाऱ्यांवर संशय घेण्याचं काहीच कारण नाही.

गैरसमज: खोक्यावर लांबचा पल्ला छापलाय, म्हणजे घरात कुठूनही टॅग वाजेल.

वस्तुस्थिती: छापलेला पल्ला मोकळ्या मैदानातला असतो. घरात पाणी, धातू आणि जाड भिंत हे तीन अडथळे त्याला पार कमी करतात, आणि मराठवाड्यातल्या घरांत हे तिन्ही भरपूर आहेत.

आधी पाणी. 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच टापूतल्या लहरी वापरून अन्नातलं पाणी तापवतो. लातूरने 2016 च्या उन्हाळ्यात टंचाईची परिसीमा पाहिली. 12 एप्रिलला मिरजेहून पहिली पाणीगाडी सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन शहरात आली. नळाला रोज पाणी येईलच याची खात्री नसली, की घरात पिंपं आणि ड्रम भरून ठेवणं आलंच. अशा भरलेल्या दोनशे लिटरच्या पिंपामागे टॅग पडला, तर पुढच्या बाजूने फिरणाऱ्या फोनला त्याचा पत्ताही लागत नाही.

मग धातू. लोखंडी कपाट, धान्याची पत्र्याची कोठी, स्टीलचे डबे यांवरून लहरी परततात. झाकण लावलेल्या कोठीत पडलेला टॅग चालू असूनही फोनला जवळजवळ मुका होतो.

आणि भिंत. लातूर-धाराशिव भागातली जुनी माळवदाची घरं दगड-मातीच्या दोन-अडीच फूट जाड भिंतींची. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात अशी असंख्य घरं कोसळली आणि पुनर्वसित गावांत बांधकामाची पद्धत बदलली. तरी जिथे जुने वाडे उभे आहेत, तिथे टॅग माजघरात आणि फोन ओसरीवर असला तर दोघांची गाठ पडेलच असं नाही.

यावर उपाय चालण्याचा आहे. फोनचं ब्लूटूथ आणि लोकेशन चालू करावं, एकेका खोलीत मिनिटभर थांबावं, कपाटाची दारं आणि कोठीचं झाकण उघडावं, पिंपाच्या मागच्या बाजूला फोन न्यावा. आवाज देण्याआधी कूलर, पंखा आणि टीव्ही बंद करावा. टॅगचा सूर बारीक असतो, आणि वाढत्या वयात उंच सूर ऐकण्याची क्षमता आधी कमी होते. म्हणून आजी-आजोबांच्या खोलीत शोधताना नातवंडांना सोबत घेतलेलं बरं.

गैरसमज: बाण दाखवून टॅगपर्यंत नेणारी सोय सगळ्याच फोनमध्ये असते.

वस्तुस्थिती: बाण आणि अंतर दाखवायला अल्ट्रा वाइडबँड नावाची वेगळी चिप लागते, आणि ती टॅग व फोन दोन्हींत असावी लागते. आयफोनमध्ये ती 11 क्रमांकापासून आली, पण स्वस्तातल्या एसई मॉडेलमध्ये नाही. बाकीच्यांना आवाजावरच भिस्त ठेवावी लागते.

गैरसमज: आवाज येत नाही, म्हणजे सेल संपला.

वस्तुस्थिती: ॲपमध्ये टॅग आत्ता संपर्कात दिसत असेल, तर सेल जिवंत आहे आणि आवाज गाद्या-वाकळींत दबत असावा. अंथरुणाची एकेक घडी उलगडून पुन्हा वाजवावा. बहुतेक टॅगमध्ये सीआर2032 हा तीन व्होल्टचा सेल असतो, म्हणजे 20 मिलिमीटर व्यासाचा आणि 3.2 मिलिमीटर जाडीचा. एअरटॅगमध्ये तो वर्षभराहून अधिक टिकतो असं कंपनी सांगते. सेल खरोखर संपला असेल, तर कोणतंही ॲप टॅगला बोलतं करू शकत नाही. तेव्हा ॲपमधली शेवटच्या संपर्काची वेळ पाहावी आणि त्या दिवशी घरात काय हललं, काय धुतलं, कुठली पिशवी उपसली हे आठवून हातानेच शोधावं.

गैरसमज: ॲपमधून टॅग काढून पुन्हा जोडला की तो सापडतो.

वस्तुस्थिती: हे अजिबात करू नये. नव्याने जोडायला टॅग हातात लागतो. एकदा काढून टाकला की तो वाजवण्याचा आपला मार्गही जातो.

गैरसमज: मालक परगावी असला, तरी तिथून टॅग वाजवेल. किंवा घरातला कुणाचाही फोन चालेल.

वस्तुस्थिती: लातूर पॅटर्न या अभ्यासपद्धतीच्या ओढीने नांदेडची कितीतरी मुलं वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेच्या तयारीसाठी लातूरला राहतात. टॅग नांदेडच्या घरी राहिला आणि फोन लातूरच्या वसतिगृहात असला, तर तिथून बटण दाबून टॅग वाजत नाही. त्यासाठी फोन ब्लूटूथच्या टप्प्यात हवा. शिवाय एअरटॅग आयफोन किंवा आयपॅडशीच जोडला जातो, सॅमसंगचा स्मार्टटॅग गॅलेक्सी फोनशीच.

तरी घरच्यांना दोन वाटा मोकळ्या आहेत. 2023 च्या आयओएस 17 पासून एक एअरटॅग आणखी पाच जणांसोबत शेअर करता येतो. घरात दुसरा आयफोन असेल, तर मुलाने तिकडूनच शेअर करावा आणि आई-वडिलांनी इकडे वाजवावा. घरात अँड्रॉइड फोन असेल, तर दुसरी वाट. सेटिंगमधल्या सुरक्षितता आणि आणीबाणी या भागात अनोळखी ट्रॅकर शोधण्याची सोय आहे. पाळत ठेवणारे टॅग उघड व्हावेत म्हणून ती दिली गेली, पण मालकाच्या फोनपासून दुरावलेला एअरटॅग जवळ असेल तर तिच्या स्कॅनमध्ये दिसतो आणि तिथूनच वाजवताही येतो. याशिवाय मालकापासून 8 ते 24 तास दूर राहिलेला एअरटॅग हलवला की आपणहून आवाज करतो. झाडलोट करताना दप्तरातून अनोळखी सूर आला, तर दप्तर लगेच तपासावं.

गैरसमज: नाही सापडला तर नाही, नुकसान पैशांचंच.

वस्तुस्थिती: घरात रांगतं किंवा दुडदुडतं मूल असेल, तर हा शोध अर्धवट सोडू नये. एअरटॅगचं झाकण दाबून फिरवलं की उघडतं, आणि आतला 20 मिलिमीटरचा सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकू शकतो. लाळेशी संपर्क आला की विद्युतप्रवाहामुळे तिथे तीव्र अल्कली तयार होतो आणि दोन तासांतही गंभीर भाजतं. टॅग चालेनासा झाला, तरी सेलमध्ये इजा करण्याइतका जोर उरलेला असू शकतो. मूल अचानक लाळ गाळू लागलं, खोकू लागलं किंवा घास नाकारू लागलं आणि टॅग वा त्यातला सेल बेपत्ता असेल, तर उलटी करवण्याचा प्रयत्न करू नये. काहीच लक्षण नसलं, तरी सेल गिळल्याची शंका पुरेशी आहे. सकाळची वाट न पाहता नांदेडकरांनी विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालय, लातूरकरांनी विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था किंवा एक्स-रेची सोय असलेलं सर्वांत जवळचं रुग्णालय गाठावं. बटण सेलची शंका आहे हे दारातच सांगावं, म्हणजे एक्स-रे आधी होतो.