पिवळे पट्टे नसले तरी जात तीच

पावसाळा ओसरू लागला की सह्याद्रीच्या रानवाटांवर, आंबोलीपासून थेट मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत, दोन झाडांच्या मधोमध ताणलेली मोठी सोनेरी जाळी दिसू लागतात. त्यात ठाण मांडून बसलेली काळी-पिवळी कोळ्याची मादी म्हणजे नेफिला पिलिपेस, अर्थात जायंट वुड स्पायडर. पाय पसरले की ती तळहाताएवढी भरते, म्हणून ती नजरेतून सुटत नाही. आणि एवढी ठळक दिसते म्हणूनच तिची ओळख सोपी आहे असं वाटतं: काळ्या पोटावर पिवळे पट्टे असले की नेफिला, नसले की दुसरी कुठली तरी जात. या समजुतीचे दोन्ही भाग चुकीचे आहेत. काळा-पिवळा रंग एकट्या नेफिलाचा नाही. बागेत, कुंपणाच्या झुडपात सर्रास आढळणाऱ्या आर्जिओपी वंशातल्या माद्याही पिवळ्या पट्ट्यांच्याच असतात. उलट, नेफिला पिलिपेसच्याच काही माद्यांच्या अंगावर पिवळा रंग जवळजवळ नसतो. त्या सगळ्या काळ्या दिसतात. हा जातीतला फरक नव्हे, एकाच जातीतलं रंगरूपाचं वैविध्य आहे. शास्त्रज्ञांचाही इथे गोंधळ झालेला आहे. फॅब्रिशियसने १७९३ मध्ये याच कोळ्याला पिलिपेस आणि मॅक्युलाटा अशी दोन नावं दिली, आणि जुन्या पुस्तकांमध्ये तो नेफिला मॅक्युलाटा म्हणूनच भेटतो.

मग ओळखायचं कशावरून? आधी जाळं पाहावं, कारण ते अंगावरच्या रंगापेक्षा जास्त बोलतं. आर्जिओपीची मादी जाळ्याच्या मध्याशी पाय दोन-दोन जोडून फुलीसारखी बसते आणि तिच्या जाळ्यात बऱ्याचदा पांढऱ्या धाग्याची नागमोडी नक्षी असते. याच नक्षीवरून तिला सिग्नेचर स्पायडर म्हणतात. ही नक्षी प्रत्येक जाळ्यात असतेच असं नाही, पण फुलीची बैठक सहसा चुकत नाही. नेफिलाच्या जाळ्यात अशी नक्षी नसते. प्रौढ मादीच्या जाळ्याचा केंद्रबिंदू मधोमध नसून वरच्या कडेजवळ असतो, त्यामुळे जाळ्याचा बहुतेक पसारा तिच्या खाली पसरलेला दिसतो. दुसरी खूण अधिक बारीक आणि मला सगळ्यात भरवशाची वाटते. चक्राकार जाळं विणणारे बहुतेक कोळी आधी एक बिनचिकट तात्पुरता धागा फिरवतात आणि चिकट धागा विणताना तो काढून टाकतात. नेफिला तो तसाच ठेवते. म्हणून तिच्या जाळ्यात काही चिकट धागे, मग थोडं अंतर आणि एक वेगळा धागा अशी रचना पुन्हापुन्हा दिसते. धाग्याचा सोनेरीपणा उन्हात उठून दिसतो, सावलीत मात्र हरवतो. केवळ त्यावर विसंबू नये.

वेगळ्या रंगाची मादी पाहून वेगळी जात म्हणणाऱ्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. नेफिला कुहली ही काळसर, तांबूस पायांची वेगळी जात भारतात खरोखरच आहे. पण तीसुद्धा वेगळी ठरते ती शरीररचनेमुळे. कोळ्यांच्या जातींचा अंतिम निवाडा मादीच्या पोटाखालच्या जननेंद्रियाची ठेवण सूक्ष्मदर्शकाखाली पाहून होतो. रंग हा फार तर पहिला इशारा. त्याच जाळ्यात कडेला दिसणारे इवलेसे तांबूस कोळी हेही याचंच उदाहरण आहे. त्यांना पिल्लं समजलं जातं, प्रत्यक्षात ते बहुधा प्रौढ नर असतात. मादीचं शरीर, पाय सोडून, ३० ते ५० मिलिमीटर आणि नराचं जेमतेम ५-६ मिलिमीटर. रंगावरून किंवा आकारावरून या दोघांची जात एक आहे हे कुणालाही ओळखता येणार नाही. चांदीसारखे चमकणारे चिमुकले कोळी दिसले, तर ते मात्र या कुटुंबातले नव्हेत. ते आर्जिरोडीस, नेफिलाच्या जाळ्यात अडकलेलं भक्ष्य चोरणारे.

एवढा भडक रंग विषाची सूचना देण्यासाठीच असणार, हा तर्क ऐकायला पटण्याजोगा असला तरी पुरावा दुसरीकडे बोट दाखवतो. बहुतेक कोळ्यांप्रमाणे नेफिलालाही विष असतं, पण ते कीटकांना लुळं पाडण्यासाठी. हातात धरून चेपली तर ती चावू शकते, तेवढी जागा दुखते, लाल होते. माणसाच्या जिवाला त्यातून धोका मानला जात नाही. पिवळ्या रंगाचं काम काय, हे तैवानमध्ये आय-मिन त्सो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांनी मधमाशीच्या दृष्टीने हा कोळी कसा दिसतो याचं गणित मांडलं. पिवळे भाग कीटकाला उठून दिसतात, काळे भाग पार्श्वभूमीत मिसळतात, त्यामुळे कोळ्याची पूर्ण आकृती त्याच्या लक्षात येत नाही. पिवळ्या नक्षीच्या माद्यांच्या जाळ्यात काळ्या माद्यांपेक्षा जास्त कीटक सापडले. म्हणजे आपण ज्याला धोक्याचा फलक समजतो, तो कीटकांसाठी लावलेलं आमिष आहे. आणि काळी मादी त्याच जातीची असून तिच्याकडे हे आमिष कमी आहे, इतकाच दोघींतला फरक.